खिळे जुळवणाऱ्याची साक्ष

श्रावण कापगते बुधवारी यायचे,
नागभीडला छोट्या गाडीची शिट्टी झाली की.
सायकलच्या हँडलला पिशवी,
पिशवीत पाठकोऱ्या कागदांवरच्या बातम्या.
आमचं साप्ताहिक चार पानांचं,
त्यातलं एक लग्नांच्या अभिनंदनाचं,
अर्धं तहसीलच्या नोटिसांचं.
उरलेल्यात अख्खा तालुका बसवायचा असे.

त्यांची बातमी सरळ चालायची
आणि शेवटच्या ओळीत वळायची.
‘तलावाची पाळ फुटली. चाळीस एकर धान गेलं.
पंचनामा झाला.
रात्रभर पाळीवर कंदील धरून उभ्या राहिलेल्या
बाईचं नाव कोणी विचारलं नाही.’
ती शेवटची ओळ मी काढायचो.
संपादक म्हणायचे म्हणून नव्हे;
कॉलम भरलेला असायचा
आणि खिळे काही रबराचे नसतात.

एकवीस वर्षं.
काढलेली ओळ ते मागून न्यायचे,
कागदाचा तेवढाच तुकडा, नीट फाडून.
मला वाटे, विडी पेटवायला.

मग एका उन्हाळ्यात, मोहफुलं वेचून संपली तेव्हा,
सातशे पानं घेऊन आले. कादंबरी.
गोंड राजाच्या वेळची;
जंगल तोडून तलाव बांधील त्याला जमीन, असा हुकूम
आणि तो तलाव बांधणारी माणसं.
राजा पान नव्वदला येतो,
पाणी पितो, घोडा बदलतो, जातो.
बाकी सगळे माती वाहणारे.
नाव: ‘तिसरी पाळ’.

दुसऱ्या फर्म्यालाच ळ संपला.
पाळ, तळ, जाळं, काळोख, वेळू, मासोळी,
पुस्तकात पाणी होतं म्हणून ळ फार.
ब्रह्मपुरीच्या छापखान्यातून मूठभर उसने आणले,
तेही झिजलेले.
कापगते म्हणाले, ‘ळ नाही तं र लावा ना गा,
आमी तं पारच मनतो.’
तशी ती ‘तिसरी पार’ झाली.
पुढे नागपूरच्या कोणा समीक्षकाने
शीर्षकातल्या पैलतीराच्या सूचनेवर
दीड पान लिहिलं.
आम्ही दोघं ते चहावर वाचत बसलो.
ते हसले नाहीत, मीच हसलो.

सत्काराला एक प्राध्यापक उठले. पुरावा काय?
पाळीवर टेंभा धरून उभी राहते
त्या बाईला आधार कोणता?
कापगत्यांनी पिशवीत हात घातला,
बराच वेळ चाचपडले,
चष्म्याचं घर काढलं, परत ठेवलं.
‘आहे,’ म्हणाले, ‘पण तारीख जुळत नाही.’

‘तुमडी’ बऱ्यापैकी खपली, बाजाराच्या दिवशी,
मिरचीच्या पोत्याशेजारी सायकल उभी करून.
‘अर्धी सनद’च्या साठ प्रती वाळवीनं खाल्ल्या,
नावाला जागून.

तिची जुळणी चालू होती तेव्हाचं सांगतो.
तिच्यात राजाचा एक लेखनिक आहे.
ताम्रपटावर जागा कमी पडली
की शेवटची नावं गाळतो.
माणूस वाईट नाही.
रात्री जेवतो, मुलीला मांडीवर घेतो.
काम करताना ओठांत सळई धरतो,
डावा डोळा बारीक करतो.

मी जुळवत गेलो, ओळीमागून ओळ, उलटी,
आरशातल्यासारखी,
आणि कुठल्याशा पानावर हात थांबला.
ओठांतला खिळा मी काढून घेतला.

ते दारातच होते, सायकलला कुलूप लावत.
‘काही काढावं लागते काय?’ त्यांनी विचारलं.
म्हटलं, ‘नाही.
जागा आहे.’